जे बाहेर येऊ शकलं

उत्तर कोरियाची मुद्राचित्रं, म्हणजे ठोकळा कोरून कागदावर छापलेली चित्रं, परदेशातल्या भिंतीवर लागतात तेव्हा त्यांत बहुधा किम घराण्यातला नेता नसतो. ना आजोबा, ना मुलगा, ना नातू. ज्या देशात घराघरात, वर्गावर्गात, आगगाडीच्या डब्यातसुद्धा नेत्यांच्या तसबिरी असतात, जिथे वर्तमानपत्राची घडी घालताना नेत्याच्या छायाचित्रावर सुरकुती पडणार नाही हे पाहावं लागतं, त्या देशाचं प्रदर्शन बघून माणूस बाहेर पडतो आणि त्याच्या डोळ्यांसमोर काय राहतं? पोलादाची भट्टी. गमबूट घालून भाताची रोपं लावणाऱ्या बायका. बर्फातून जाणारी आगगाडी. जाळं ओढणारे कोळी.

याचं कारण साधं आहे. नेत्याचं चित्र काढायची परवानगी मोजक्या, निवडून घेतलेल्या कलाकारांना असते आणि अशी चित्रं परक्या माणसाला विकली जात नाहीत. त्यामुळे राजधानी प्याँगयांगला जाऊन चित्र विकत घेणाऱ्या पाहुण्याच्या हाती उरतं ते बाकीचं. मोठी तैलचित्रं आणणं अवघड, मोझेक तर अशक्यच. कागदावर छापलेलं लिनोकट मात्र गुंडाळून नळीत घालता येतं. हलकं, स्वस्त, निरुपद्रवी विषयाचं. म्हणून जगात ठिकठिकाणी या देशाची ओळख करून द्यायला मुद्राचित्रं पुढे येतात, आणि आपल्याला वाटतं की आपण उत्तर कोरिया पाहिला. आपण पाहिलेलं असतं ते एवढंच, की त्या दारातून काय बाहेर येऊ शकतं.

मी मुंबईच्या एका कला महाविद्यालयात लिनो कोरायला शिकलो. लिनो म्हणजे जवसाचं तेल, बुचाचा भुसा आणि मागे तागाचं कापड. थंडीत कडक होतो, मग उन्हात ठेवायचा किंवा इस्त्रीने जरा शेकवायचा, म्हणजे हत्यार अडत नाही. जे कोरलं ते पांढरं राहतं, जे सोडलं ते काळं. अनेक रंगांत छापायचं असेल तर दोन रस्ते. एक तर प्रत्येक रंगाला वेगळा ठोकळा, आणि मग सगळे ठोकळे केसभरही न सरकता कागदावर बसवायचे. नाहीतर एकच ठोकळा घेऊन आधी फिकट रंग छापायचा, तोच ठोकळा पुढे कोरायचा, वर गडद रंग, पुन्हा कोरायचा. दुसऱ्या रस्त्याला परतीची वाट नसते. पंचवीस प्रती काढायच्या ठरवल्या तर पंचवीसच. शेवटी हातात जवळजवळ रिकामा ठोकळा उरतो. आमचे सर कोरताना कुणी गप्पा मारल्या तर चिडायचे. म्हणायचे, ‘चूक कोरलीस तर ती आता चित्रात राहणार, मग तिच्याशी जमवून घे.’

हे सांगतोय कारण मी ही चित्रं पहिल्यांदा नीट पाहिली ती याच नजरेने, छापणाऱ्याच्या. निक बॉनर नावाचा एक इंग्रज गृहस्थ १९९३ पासून बीजिंगमधून ‘कोर्यो’ नावाची सहल-कंपनी चालवतो. उत्तर कोरियात पर्यटक नेणं हा त्याचा धंदा. शिक्षण बागबगीचे आणि भूदृश्य आखण्याचं. जाता येता तो तिथल्या वस्तू आणि चित्रं गोळा करत गेला. त्याच्या संग्रहातल्या मुद्राचित्रांचं पुस्तक लंडनच्या फायडन प्रकाशनाने २०१९ मध्ये काढलं. भाच्याने ते मला पाठवलं, आणि मी आधी प्रस्तावना न वाचता नुसती पानं उलटली. पहिली प्रतिक्रिया निव्वळ व्यावसायिक मत्सराची होती. काय कोरतात ही माणसं! भट्टीचा उजेड दाखवायला रंग ओतलेला नाही, कागद कोरा सोडलाय. आणि त्या कोऱ्या कागदाच्या कडेने कामगाराच्या गालावर हत्याराचे चार बारीक फटके, बस्स. धूर तर असा की एका बाजूला गडद, दुसऱ्या बाजूला विरत गेलेला. लिनोमध्ये छटा विरवत नेणं किती जिकिरीचं असतं ते केलेल्यालाच कळेल.

मग प्रस्तावना वाचली, आणि नंतर इतर वाचलं. ही चित्रं कुणी एकटा माणूस आपल्या मर्जीने पोटमाळ्यावर बसून करत नाही. प्याँगयांगच्या मानसुदे या सरकारी कला-केंद्राची स्थापना १९५९ ची. तिथे सुमारे चार हजार माणसं काम करतात, त्यांतले हजारेक कलाकार. पगारी. त्यांना पायऱ्या असतात, वरच्या पायरीला ‘लोककलाकार’ हा किताब. अमूर्त चित्राला जागा नाही. कोरियन पद्धतीचं शाईचं चित्र सगळ्यांत वर, बाकी माध्यमं त्याच्या खाली, हे स्वतः किम जोंग इलच्या कलाविषयक ग्रंथाने ठरवून दिलेलं. कलाकारांना कारखान्यात, खाणीत, शेतावर पाठवलं जातं. तिथे राहायचं, कामगारांना बघायचं, रेखाटनं करायची. त्यामुळे त्या चित्रातला वेल्डरचा मुखवटा आणि केबलची गुंडाळी अगदी बरोबर असते. हातमोजा कुठे फाटतो तेसुद्धा बरोबर असतं. फक्त तो कामगार कधी कंटाळलेला नसतो.

फार थोडी चित्रं सुट्टीच्या क्षणांची आहेत. जेवणाची वेळ, गप्पा, कुणी हार्मोनियमसारखं अकॉर्डियन वाजवतंय. परदेशी पाहुण्यांना नेमकी हीच आवडतात, असं मला वाटतं. कारण त्यांत प्रचार कमी दिसतो. मला उलट त्यांचीच भीती वाटते. भट्टीपुढचा छाती काढून उभा असलेला कामगार आपण ओळखतो, त्याच्याशी कसं वागायचं ते माहीत असतं. पण जेवणाच्या सुट्टीत खिदळणाऱ्या चार मुली बघताना आपण हत्यारं खाली ठेवतो. १९९४ नंतरची चार-पाच वर्षं त्या देशात दुष्काळाची होती. सरकारी नाव ‘खडतर वाटचाल’. लाखो माणसं उपासमारीने मेली. त्या काळावर तिथे चित्रं निघाली नाहीत असं नाही, पण रिकाम्या ताटाचं, सुजलेल्या पायांचं मुद्राचित्र माझ्या पाहण्यात आलेलं नाही.

आणि इथे मला आपल्या अंधेरीतला एक माणूस आठवतो.

चित्तप्रसाद भट्टाचार्य मूळचे बंगालचे. १९४३ च्या दुष्काळात मेदिनीपूर जिल्ह्यात पायी हिंडून त्यांनी उपाशी माणसांची चित्रं काढली, मजकुरासह पुस्तिका छापली. ब्रिटिश सरकारने ती जप्त करून नष्ट केली. १९४६ मध्ये ते मुंबईला आले आणि अंधेरीत एका खोलीत पुढची तीन दशकं राहिले. कम्युनिस्ट पक्षापासून काही वर्षांतच दूर झाले, पण हातातलं हत्यार आणि लिनो सोडला नाही. लिनो कोरणाऱ्याला यंत्र लागत नाही. ठोकळा, शाई, कागद आणि घासायला चमचा, एवढ्यावर काम चालतं. गरिबीत राहून चित्र करायचं आणि ते पुष्कळांपर्यंत पोचवायचं तर याहून बरं माध्यम नाही. चीनमध्ये लेखक लू शून यांना हेच उमगलं होतं. त्यांनी ऑगस्ट १९३१ मध्ये शांघायला लाकूडठशाचा सहा दिवसांचा वर्ग भरवला. शिकवायला एक जपानी शिक्षक, दुभाषी स्वतः लू शून. तिथून पुढे फुटलेल्या चिनी लाकूडठशांची छाप चित्तप्रसादांच्या पिढीवर स्पष्ट दिसते. आणि लू शून यांनी जमवलेले ठसे मार्च १९३४ मध्ये पॅरिसच्या एका दालनात लागलेसुद्धा. कागद हलका असतो, तो पोचतो.

चित्तप्रसादांची चित्रंही पोचली, पण कुठे? प्रागला. चेकोस्लोव्हाकियातल्या मित्रांनी ती घेतली, तिथल्या राष्ट्रीय कलादालनात गेली. १९७२ मध्ये पावेल होब्ल या झेक दिग्दर्शकाने त्यांच्यावर माहितीपट केला. मुंबईत मात्र त्यांना विचारणारे थोडेच. म्हणजे त्या वेळी समाजवादी देशातला प्रेक्षक परका होता आणि चित्र आपलं होतं. प्रागच्या माणसाला त्या चित्रातला उपाशी भारतीय शेतकरी पटकन समजला असणार, कारण तो त्याला हवाच होता. भांडवलशाहीने पिचलेला माणूस कसा दिसतो हे त्याला शाळेपासून शिकवलेलं होतं. तो चित्तप्रसादांच्या चित्रात आपल्या सरकारचं म्हणणं शोधत होता की खरोखर ती रेघ बघत होता, कुणास ठाऊक. बहुधा दोन्ही. पण एक फरक उरतोच. चित्तप्रसादांची भूक छापली गेली, जाळली गेली आणि तरी उरली. प्याँगयांगच्या ठोकळ्यावर ती मुळात कोरलीच गेली नाही.

लंडनला ‘हाउस ऑफ इलस्ट्रेशन’ या संस्थेत २०१८ मध्ये बॉनरच्याच संग्रहाचं एक प्रदर्शन झालं. मी तेव्हा बहिणीकडे होतो, जाऊन आलो. तिथे मुख्य भर रोजच्या वापरातल्या छापील वस्तूंवर होता. गोळ्यांचे कागद, डब्यांवरची लेबलं, सिगारेटची पाकिटं, तिकिटं, चित्रकथा, हाताने रंगवलेली पोस्टर्स. गर्दी चांगली होती. लोक दोन प्रकारचे होते. एका प्रकारचे लोक हसत होते, फोटो काढत होते. रंग किती गोड, अक्षरं किती जुन्या जमान्यातली. दुसऱ्या प्रकारचे गंभीर. ते प्रत्येक चेहऱ्यात भीती शोधत होते. माझ्या शेजारी उभा असलेला एक जण बरोबरच्या मुलीला एका पोस्टरमधल्या शेतकरणीचे डोळे दाखवून सांगत होता की बघ, हसते आहे पण डोळ्यांत बघ. मी बघितलं. डोळ्यांत काही नव्हतं, काळ्या रंगाचे दोन ठिपके होते, कुणीतरी सरावाच्या हाताने दिलेले.

त्याला दोष देत नाही. कुठल्याही बंदिस्त देशाचं चित्र बघताना फट शोधण्याचा मोह होतो. चित्रकाराने गुपचूप काहीतरी लिहून ठेवलं असेल, सावलीत निषेध लपवला असेल. असं मानलं की आपण त्याच्या बाजूला जाऊन उभे राहतो आणि आपल्याला बरं वाटतं. पण त्या चित्रकाराला आपलं काम आवडत असेल, तो नेत्यावर मनापासून भाळलेला असेल, किंवा त्याला फक्त वरची पायरी आणि चांगलं घर हवं असेल, या शक्यता आपल्याला सोयीच्या नसतात.

माझी स्वतःची अडचण आणखी वेगळी. आमच्या घरी ‘सोव्हिएत देश’ हे नियतकालिक यायचं, मराठीतून. गुळगुळीत कागद, ट्रॅक्टरवरच्या लालबुंद गालांच्या बाया, गव्हाची अथांग शेतं. वाचून झालं की त्याची कव्हरं आमच्या वह्यांना. गणिताची अख्खी वही मी युक्रेनच्या कापणीखाली काढली आहे. त्यामुळे लंडनमध्ये बाकीच्यांना जे विचित्र वाटत होतं ते मला ओळखीचं, जवळजवळ घरचं वाटलं. ‘परदेशी प्रेक्षक’ म्हटलं की आपण युरोप-अमेरिकेतला माणूस धरून चालतो. पण दिल्लीचे आणि प्याँगयांगचे राजनैतिक संबंध १९७३ पासूनचे, अलिप्ततावादी परिषदेत आपण शेजारी बसलो. ते चित्र आपल्यासाठीही होतं. आठवणीचा हा गोडवा धोकादायक असतो, हे मला कळतं. त्या ट्रॅक्टरखालची माती आणि तिच्यातला दुष्काळ यांबद्दल त्या नियतकालिकाने कधी काही छापलं नव्हतं.

प्रदर्शन भरवणाऱ्याची गोची यापेक्षा मोठी. व्हिएन्नाच्या ‘माक’ संग्रहालयाने २०१० मध्ये प्याँगयांगच्या सरकारी दालनाशी करार करून मोठं प्रदर्शन आणलं. नावातच किम इल सुंग, त्याच्यासाठी फुलं. इथे नेत्यांची चित्रंही आली. मग टीकेचा भडिमार झाला: भाष्याशिवाय ही चित्रं टांगता, म्हणजे हुकूमशहाला फुकट भिंत देता. टीका खोटी नव्हती. पण मला वाटतं, नेता ज्यात आहे ते प्रदर्शन निदान काय आहे ते सांगत होतं. नेता वगळून फक्त कोळी आणि आगगाड्या लावल्या की प्रचार नाहीसा होत नाही, तो चौकटीबाहेर उभा राहतो आणि प्रेक्षकाला सुटल्यासारखं वाटतं.

सगळ्यात जास्त मी घोटाळतो ते ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनपाशी. तिथल्या क्वीन्सलँडच्या कलादालनात दर तीन वर्षांनी आशिया-प्रशांत कलेचं मोठं प्रदर्शन भरतं. डिसेंबर २००९ मध्ये उघडलेल्या सहाव्या प्रदर्शनात मानसुदेच्या कलाकारांचं काम होतं, शाईची चित्रं, मुद्राचित्रं, मोझेक. बॉनरच्या मध्यस्थीने खास या प्रदर्शनासाठी करून घेतलेलं. म्हणजे ऑर्डर परदेशातून गेली होती. कलाकार उद्घाटनाला येणार होते. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने व्हिसा नाकारला. उत्तर कोरियाच्या नागरिकांना प्रवेश न देण्याचं धोरण अणुचाचणीनंतरच्या निर्बंधांतून आलेलं. परराष्ट्रमंत्र्यांना अपवाद करता आला असता, तो केला नाही. कारण देताना मानसुदे हे राजवटीचा गौरव करणारी चित्रं बनवणारं केंद्र आहे, असं सांगण्यात आलं.

हे कारण खरं आहे. पण मग चित्रं आत कशी? चित्र गौरवाचं असेल तर चित्र अडवा. माणूस आत आला असता तर काय झालं असतं? एखादं व्याख्यान, चार ठरलेली वाक्यं, आणि ब्रिस्बेनच्या नदीकाठी एक फेरफटका. उलट चित्रं आली आणि माणसं राहिली, तेव्हा प्रेक्षकांना हवं ते बोलायची मुभा मिळाली. चित्र वाद घालत नाही.

दार दोन्ही बाजूंनी बंद असतं याची मला सर्वांत बोचणारी आठवण दक्षिण कोरियातली. होंग सोंग-दाम हा लाकूडठसे कोरणारा चित्रकार. मे १९८० मध्ये ग्वांगजू शहरात लष्कराने लोकांवर गोळ्या घातल्या, त्या उठावाचे त्याचे काळेपांढरे ठसे आज जगभर माहीत आहेत. १९८९ मध्ये प्याँगयांगला युवक महोत्सव होता. अनेक कलाकारांनी मिळून काढलेल्या एका प्रचंड चित्राच्या स्लाइड्स होंगने तिकडे पाठवल्या. चित्र नव्हे, स्लाइड्स. दक्षिणेच्या १९४८ च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली त्याला पकडलं, छळलं, तुरुंगात टाकलं. त्याच वर्षी शिन हाक-चोल या चित्रकाराला भातरोपणीच्या एका चित्राबद्दल अटक झाली. चित्राचा वरचा भाग सुखी दिसतो, खालचा नासका, म्हणजे वरचा भाग उत्तर कोरिया, असा अर्थ लावला गेला. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दोषी ठरवला. भातरोपणीचं चित्र! तोच विषय जो उत्तरेत शेकड्यांनी कोरला जातो आणि लंडन-बीजिंगमध्ये चौकटीत बसवून विकला जातो.

पुढे तर दार आणखी घट्ट झालं. मानसुदेचा परदेशी व्यवसाय म्हणजे मुख्यतः पुतळे. सेनेगलच्या डाकारमधला २०१० चा अवाढव्य स्मारक-पुतळा त्यांचाच. संयुक्त राष्ट्रांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये पुतळे विकत घेण्यावर बंदी घातली आणि ऑगस्ट २०१७ मध्ये मानसुदेचा परदेशी प्रकल्प-गट थेट निर्बंधांच्या यादीत टाकला. जानेवारी २०२० मध्ये साथीमुळे देशाने स्वतःच सीमा बंद केल्या. त्यामुळे त्यानंतर कुठे नवीन प्रदर्शन दिसलं असेल तर बहुतेक जुनाच साठा समजावा.

मला कुणी असं प्रदर्शन मांडायला दिलं (देणार नाही, पण समजा) तर मी दोन-तीन गोष्टींचा हट्ट धरेन. प्रत्येक चित्राखाली लिहा की ते कुणी करायला सांगितलं आणि कुणी, कुठल्या दुकानातून आणलं. शक्य असेल तर ठोकळा ठेवा; लोकांना उलटं चित्र बघू दे, कोरलेली खाच बघू दे. आणि त्याच दालनात होंगचे ग्वांगजूचे ठसे लावा, चित्तप्रसादांचे लावा. एकाच हत्याराने कोण काय कोरू शकलं आणि कुणाला काय कोरता आलं नाही ते शेजारी शेजारी दिसू दे. ‘गोड रंग’ म्हणणाऱ्याला आणि ‘डोळ्यांत बघ’ म्हणणाऱ्याला दोघांनाही मग जरा वेळ लागेल.

आणि मला त्या कलाकाराला एक प्रश्न विचारायचा आहे. विरत जाणारा तो धूर: रोलरवरच दोन रंग शेजारी घेऊन एका फेरीत काढता, की ठोकळ्यावर शाई लावून झाल्यावर फडक्याने पुसता? ब्रिस्बेनला ते आले असते तर तिथल्या कुणा ना कुणा मुद्राचित्रकाराने हे विचारलं असतंच. शेजारी दुभाषा असता, दुभाष्याच्या शेजारी आणखी एक जण असता, आणि तरी रोलरबद्दल खोटं बोलायचं त्यांतल्या कुणालाच काही कारण नव्हतं.